पिवळा दिवा आणि केळव्याची वाळू

मंडळी, एकदाही केळव्याला जाऊन आला नाही असा ऑफिसचा ग्रुप आता शोधूनच काढावा लागेल. सुरूची झाडं, पानवेलीच्या वाड्या, शीतलादेवीचं दर्शन, पोटभर मासे... आणि मग कुणाला तरी सुचतं, 'गाडी वाळूत उतरवू या की!' आम्हालाही सुचलं. ओहोटीच्या ओल्या वाळूत दोन फेऱ्या, चार फोटो, चाकांना खाऱ्या पाण्याची आंघोळ. फुल टू धमाल! बिल दुसऱ्या दिवशी आलं.

रविवारी दुपारी पालघरच्या दिशेने निघालो आणि डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागला. शेजारी बायको, मागे सासूबाई आणि पुढे मनोरनंतर हायवेवरचे ट्रक. 'जावईबापू, ब्रेक लागतील ना?' सासूबाईंचा प्रश्न.

याचं उत्तर प्रत्येक गाडीवाल्याला पाठ हवं. नुसता पिवळा दिवा असेल तर साधा ब्रेक लागतो. बंद पडते ती चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा. म्हणजे कचकन ब्रेक मारला तर गाडी घसरू शकते. तेव्हा स्पीड कमी, पुढच्या गाडीपासून अंतर जास्त. पण सोबत लाल दिवाही असेल आणि हँडब्रेक सोडूनही तो विझत नसेल, किंवा पेडल मऊ लागत असेल, तर हिरोगिरी नको. गाडी तिथेच बाजूला. ब्रेक ऑइल गळत असू शकतं, किंवा मागच्या चाकांचा ब्रेक सांभाळणारं ईबीडीही गेलेलं असू शकतं.

आमचं पेडल घट्ट होतं, लाल दिवा नव्हता. वाटेतल्या पहिल्या गॅरेजमध्ये चाकाला हातही न लावता निकाल मिळाला, 'एबीएसचं मॉड्यूल बदलावं लागेल.' आकडा ऐकून माझेच ब्रेक लागले! माझ्याकडचं स्वस्तातलं ब्लूटूथ स्कॅनर काढलं, तर ते फक्त इंजिनचे कोड वाचणारं. अशी बरीचशी यंत्रं एबीएसपर्यंत पोचतच नाहीत, हे तेव्हा कळलं.

दुसऱ्या गॅरेजमधल्या मामांनी आधी एकच प्रश्न विचारला, 'साहेब, गाडी बीचवर घातली होती काय?' मी मोबाइलमध्ये बघू लागलो.

मामांच्या स्कॅनरवर कोड आला मागच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा. 'पण कोड म्हणजे सेन्सर गेला असं नाही,' मामा म्हणाले. 'सिग्नल नीट येत नाही, एवढंच तो सांगतो.' मग गाडी 20 च्या स्पीडने चालवून चारही चाकांचे आकडे पाहिले. तीन चाकं 20 दाखवत होती. चौथं मधेच 20, मधेच शून्य. चाक उतरवलं. सेन्सरचं टोक आणि त्याच्यासमोर फिरणारी दातेरी रिंग यांच्यामध्ये ओली वाळू आणि गंज यांचा लगदा बसला होता. मामांनी ब्रशने साफ केलं, वायर कुठे घासली आहे का पाहिलं, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर नाही ना ते तपासलं, बेअरिंग हलवून बघितलं. दोन किलोमीटरच्या चकरेनंतर दिवा विझला!

तर मंडळी, क्रम लक्षात ठेवा: ब्रेक ऑइल, कनेक्टर, वायर, रिंग, सेन्सर, बेअरिंग आणि सगळ्यात शेवटी मॉड्यूल. हळू थांबताना कोरड्या रस्त्यावरही पेडल उगाच थरथरत असेल, तर तेही याच दुखण्याचं लक्षण असू शकतं. आणि दिवा दिसू नये म्हणून फ्यूज काढायचा सल्ला कुणी दिला, तर त्याला लांबूनच नमस्कार करा. एप्रिल 2019 पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे, ते काही शोभेसाठी नाही.

आणि हो, मुळात वाळूत गाडी घालूच नका. घातलीच, तर घरी पोचल्यावर आधी गोड्या पाण्याने खालून धुवा, फोटो नंतर टाका.

सासूबाई मात्र पुढच्या वेळी लोकलने येणार म्हणतात. केळवे रोड स्टेशन आहेच!