अंगणातला छोटा ढग

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सांगलीहून माझ्या माहेरी, माण तालुक्यात गेलो होतो. आठवीतल्या लेकीने आपली सहा इंची दुर्बीण सोबत घेतली होती. सांगलीच्या गच्चीवरून तिला चंद्र आणि शनीची कडी दिसायची. पण दूरच्या दीर्घिका रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात बुडून जायच्या.

इशाच्या नमाजनंतर ती अंगणात निघाली, तसा भाऊ म्हणाला, "पोरीच्या जातीनं अंधारात एकटं कशाला जायचं?" मी काही बोलायच्या आत अम्मीने शाल घेतली. "एकटी कुठं? मी बसते की तिच्याजवळ." अंगणातला बल्बही तिनेच बंद केला.

अर्धा तास डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दिली. मग लेकीने देवयानी दीर्घिका शोधली. अम्मीने डोळा लावला. "नुसता धुक्याचा ठिपका हाय!"

"नानी, सरळ नको बघू, जरा बाजूला बघ."

डोळ्याच्या पडद्याचा कडेचा भाग अंधुक उजेड अधिक चांगला टिपतो. नजर वळवताच ठिपका लांबट पसरला. तो उजेड तिथून 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला, हे ऐकून अम्मी हळूच "सुबहानल्लाह" म्हणाली.

हाच ठिपका इराणच्या अब्दुर रहमान अस्-सूफी यांनी नुसत्या डोळ्यांनी पाहून सन 964 च्या सुमारास आपल्या ग्रंथात 'छोटा ढग' म्हणून नोंदवला. दुर्बीण आली ती त्यानंतर साडेसहाशे वर्षांनी. आणि हा ढग आपल्या आकाशगंगेबाहेरची वेगळी दीर्घिका आहे, हे सिद्ध व्हायला 1920 चे दशक उजाडले.

भगिनींनो, मुलांना हे दाखवायचे असेल तर हिजरी महिन्याचे शेवटचे चार-पाच दिवस आणि नव्या चांदचे पहिले दोन-तीन दिवस निवडा. तेव्हा रात्री चंद्राचा अडथळा नसतो. मोबाइल घरात ठेवा. छायाचित्रांतले रंग दिसणार नाहीत, हे आधीच सांगा. कॅमेरा बराच वेळ उजेड साठवतो, डोळ्याला तो फक्त राखाडी दिसतो. म्हणजे मुले हिरमुसणार नाहीत.

दुसऱ्या रात्री लेक दुर्बीण लावायला बाहेर आली, तर अंगणातला बल्ब आधीच बंद होता. भाऊ बाज टाकून बसला होता. "आज मला दाखव," म्हणाला.