व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर

परवा लातूर जिल्ह्यातल्या रेणापुरात एका सत्काराच्या कार्यक्रमात एक भाषण ऐकलं आणि घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही. बोलणारे गृहस्थ शिकलेले आहेत, चार गावं फिरलेले आहेत. त्यांचं नाव घेत नाही, कारण हे मत आता त्यांच्या एकट्याचं राहिलेलं नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : पुढाऱ्यांनी गाव बुडवलं, आता गाव व्यापाऱ्याच्या हाती द्या. त्याला हिशेब कळतो. त्याचं पोट भरलेलं असतं म्हणून तो खात नाही. सभा, ठराव, हरकती यांत तो वेळ घालवत नाही. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी कारखानदार महापौर झाले आणि शहरं सुधारली. आपण मात्र सुधारकांचे फोटो लावतो, फुल्यांच्या नावानं भाषणं करतो. सुधारकाला कधी चार पैशांचा व्यवहार कळला आहे का?

या शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्या. म्हणून लिहायला बसलो.

१९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख असलेलं जोतीराव फुल्यांचं निवेदन हंटर शिक्षण आयोगापुढे गेलं. सहीखाली त्यांनी स्वतःची ओळख दिली आहे : व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर. पुणे नगरपालिकेच्या सभासदाला तेव्हा म्युनिसिपल कमिशनर म्हणत. ‘महात्मा’ लोकांनी म्हटलं ते १८८८ साली. ‘व्यापारी’ ही ओळख त्यांनी स्वतः दिली आणि तीही सगळ्यांत आधी. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचा कारभार त्यांनी पाहिला, बांधकामाला लागणारा माल पुरवला, सरकारी कामं घेतली, ओतकामाच्या मुशी विकल्या, मांजरीला शेती केली. आमच्या मराठवाड्याच्या बोलीत सांगायचं तर हा माणूस गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, होता. ज्यांच्या फोटोला आपण दरवर्षी हार घालतो त्यांचा धंदा काय होता एवढंही माहीत नसताना त्यांना व्यवहार कळत नव्हता म्हणून सांगायचं, याचा मला संताप येतो.

आता ‘गाव दुकानासारखं चालवा’ या मूळ मुद्द्याकडे येतो. माझे वडील आडतीवर मुनीम होते. दुकान कसं चालतं हे मी त्यांच्या गादीशेजारी बसून पाहिलं आहे. शेतकऱ्याच्या पट्टीतून आडत, हमाली, तोलाई कापायची आणि उरलेले हातावर ठेवायचे. उचल घेऊन दोन हंगाम माल न आणणाऱ्याचं खातं बंद करायचं. बुडीत खातं वहीत ठेवणारा मुनीम नालायक. दुकानापुरतं हे रास्तच आहे, त्यात पाप नाही. पण नगरपंचायतीनं कुणाचं खातं बंद करायचं? घरपट्टी थकलेल्या विधवेचं? गावाच्या कडेला पालं ठोकून राहिलेल्यांचं? दुकानदाराला परवडत नसलेलं गिऱ्हाईक परत पाठवता येतं. गावाला माणूस परत पाठवता येत नाही. तो इथंच राहतो, त्याचं सांडपाणी इथंच वाहतं, त्याच्या लेकराचा ताप शेजारच्या लेकराला लागतो.

लातूरची माणसं २०१६ ची पाणीटंचाई विसरली का? मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी आली, पंचवीस लाख लिटरची. तीनशेहून अधिक किलोमीटरवरून पाणी आणून घागरीत ओतायचं हे कोणत्या वहीत फायद्याचं ठरतं? वहीत तो व्यवहार पहिल्या दिवशीच तोट्याचा होता आणि तरीही तो करावाच लागला. त्याच दिवसांत टँकरनं पाणी विकणाऱ्यांचा धंदा जोरात होता. तेही व्यापारीच होते. हिशेब त्यांना उत्तम कळत होता. ज्याच्याकडे पैसे होते त्याच्या दारात टँकर उभा राहिला आणि ज्याच्याकडे नव्हते ती बाई रात्रभर नळाच्या रांगेत बसली. गाव दुकानासारखं चालवायचा प्रयोग आम्ही एक उन्हाळाभर अंगावर घेतला आहे.

हा वाद माझ्यासाठी जुना आहे. फार वर्षांपूर्वी, सार्वजनिक नळ बंद करावेत की नाही यावर अशीच एक बैठक झाली होती. नळातून वसुली शून्य, म्हणून तोट्या काढून टाका, असं तेव्हाही हुशार माणसांनीच सांगितलं. मी विरोधात बोललो आणि हरलो. तोट्या निघाल्या. त्यानंतर कडेच्या वस्तीतल्या पोरी शाळेच्या वेळेला हातपंपावर दिसू लागल्या. त्या पोरींचं नुकसान कुठल्याच ताळेबंदात आलं नाही. म्हणून ‘वसुली’ हा शब्द ऐकला की मी आजही सावध होतो.

भरल्या पोटाचा माणूस खात नाही, यावर एवढंच म्हणतो की गुत्त्यांची यादी काढून पाहावी. आणि सभेत वेळ जातो म्हणाल तर गावच्या पैशावर हरकत घ्यायला सभेशिवाय दुसरी जागा नाही.

राहिली अमेरिका. क्लीव्हलंडचा टॉम जॉन्सन घ्या, कारण व्यापारी महापौर म्हटलं की पहिलं नाव त्याचं येतं. ट्रामगाड्यांच्या आणि पोलादाच्या धंद्यात तो श्रीमंत झाला. मग मक्तेदारीविरुद्ध लिहिणाऱ्या हेन्री जॉर्जची पुस्तकं वाचली आणि शहराच्या रस्त्यांवर मक्ता मिळवून पैसा कसा निघतो, हे आतून माहीत असलेला हा माणूस त्या मक्त्यांवरच उलटला. १९०१ ते १९०९ तो महापौर होता आणि त्याचा मोठा लढा होता ट्रामचं भाडं पाच सेंटांवरून तीन सेंटांवर आणण्याचा. ट्राम शहराच्या मालकीची व्हावी असं तो उघड म्हणायचा. शहर दुकानासारखं चालवणारा माणूस भाडं उतरवायला स्वतःच्याच धंदेबंधूंशी भांडेल का? डेट्रॉइटचा महापौर हेझन पिंग्री जोड्यांचा कारखानदार. मंदी आली तेव्हा त्यानं शहरातल्या पडीक जागा बेकारांना बटाटे लावायला दिल्या. टोलेडोच्या सॅम्युएल जोन्सनं आपल्या कारखान्यात आठ तासांचा दिवस लावला होता; महापौर झाल्यावर शहराच्या कामगारांसाठीही त्यानं तेच केलं. गृहस्थांनी ही नावं अर्धीच वाचली. व्यापारी होते एवढं वाचलं, व्यापाऱ्यांशी लढले हे वाचलं नाही.

फुल्यांची गोष्ट याच जातीची आहे, आणि जॉन्सन महापौर होण्याच्या वीस वर्षं आधीची. १८७६ पासून ते पुणे नगरपालिकेत होते, तेही सरकारनं नेमलेले. १८८० साली व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतावर हजार रुपये खर्चायचं ठरलं. हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर लावा, असं फुल्यांचं म्हणणं. मत घेतलं तेव्हा विरोधात ते एकटे उरले. ज्या सरकारनं खुर्ची दिली आणि ज्याच्याकडून कामं मिळायची, त्याच्याच सर्वोच्च पाहुण्याच्या स्वागताला गुत्तेदारानं नकार दिला. त्याच वर्षी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी नगरपालिकेला लिहिलं. आणि बांधकामांच्या आतली लबाडी त्यांना इतकी नीट माहीत होती की १८७३ च्या ‘गुलामगिरी’ या आपल्या पुस्तकाला त्यांनी इंजिनीयर खात्यातल्या डावपेचांवरचा पवाडा जोडला. आपल्याच धंद्याची पोटातली गोष्ट त्यांनी चव्हाट्यावर मांडली. शेवटच्या आजारपणात त्यांना पैशाची ओढाताण सोसावी लागली. ज्यांना व्यापाऱ्याचं भरलेलं पोट हाच गुण वाटतो, त्यांनी हेही वाचावं.

म्हणजे व्यापाऱ्यानं गावचा कारभार करू नये असं मी म्हणत नाही. जरूर करावा. आडत, गुत्ता, टँकर यांतला पैसा कुठून निघतो हे त्याच्याइतकं कुणाला कळतं? पण ते कळणं त्यानं गावाच्या बाजूनं वापरलं पाहिजे. उभं राहण्याआधी नगरपंचायतीच्या कामांतली आपली, भावाची, मेव्हण्याची भागी त्यानं सोडावी. कामाचं मोजमाप बिल निघण्याआधी चौकात लावावं. उन्हाळ्यात पहिला टँकर गावच्या कडेच्या वस्तीत न्यावा. माझ्याकडे याहून मोठी योजना नाही.

येत्या ११ एप्रिलला, फुल्यांच्या जयंतीला, तेच गृहस्थ हार घालायला येतील. त्यांना १८८२ च्या त्या निवेदनाच्या शेवटच्या ओळी वाचून दाखवायची परवानगी मी आयोजकांकडे मागितली आहे. दोन मिनिटं मिळतील असं ते म्हणाले.