ओटीपी म्हणजे अंगठाच!

राधानगरीच्या गुरुजींनो, पेन्शनरांनो, ऊसवाल्या बंधूंनो आणि भगिनींनो!

धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडायचे दिवस आले की आपल्याकडे आणखी एक पिशवी उघडते. फॉर्म १६, पासबुक, पॅनकार्ड, आधारकार्ड! सगळी पिशवी एजंटाच्या टेबलावर पालथी करायची आणि विचारायचे, "भाऊ, परत किती मिळतील?" तो पासवर्ड ठेवून घेतो, मोबाईलवर आलेला आकडा विचारतो आणि आपण तो मुकाट्याने सांगतो. अहो, काय सांगितलेत ते कळले का? आजोबांनी सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा उठवला, त्याला आपण अडाणी म्हटले. नातू बी.एड. झाला आणि ओटीपी सांगून मोकळा झाला! शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले ते याचसाठी काय?

१४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर खात्याने देशभर १५० ठिकाणी छापे घातले. महाराष्ट्र त्यात होताच. न दिलेल्या पक्षनिधीच्या देणग्या, न भरलेले घरभाडे, न काढलेले शिक्षणकर्ज दाखवून एजंटांनी लोकांना परतावे काढून दिले होते. खात्यानेच सांगितले की हे लोक तात्पुरता ईमेल पत्ता काढतात, त्यावरून ढिगाने विवरणपत्रे भरतात आणि मग तो पत्ता टाकून देतात. नोटीस येते ती त्या बेवारस पत्त्यावर! आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी मिळून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले. जे सापडतात त्यांना बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. तो एजंट भरत नाही, गुरुजी भरतात. सही गुरुजींची!

बरे, सगळे एजंट चोर नव्हेत. सचोटीने काम करणारे कर सल्लागार कोल्हापुरात आहेत. पण त्यांनी लिहिलेले वाचून पाहायची तुमची तयारी हवी की नको?

आता त्या फॉर्माकडे बघा. नाव काय, तर 'सहज'! वा रे सहज! पगार, पेन्शन, व्याज असणाऱ्याने हा पहिला फॉर्म भरावा. मात्र शेतीचे उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांवर गेले की सहज बंद. दहा गुंठ्यांचा ऊस कारखान्याला गेला तरी आपला मास्तर सहजातून बाहेर! त्याने दोन नंबरचा फॉर्म भरायचा. एजंट काय करतो? "शेतीला कर नाही, दाखवायचे कशाला?" म्हणून ऊस गाळून टाकतो. शेतीला केंद्राचा कर नाही हे खरे. पण बाकीचे उत्पन्न करमुक्त मर्यादेवर गेले की कराचा दर ठरवताना शेतीचा आकडा मोजतात. लपवलात तर ते तुमचे खोटे विवरण ठरते.

आणि दारात विक्रीच्या दुधाच्या म्हशी असल्या तर? गोठा शेतात, वैरण शेतातली, शेण शेतात, पण दूध शेतीबाहेर! कायद्याच्या लेखी तो धंदा. नोकरी, ऊस आणि दूध एकत्र आले की मास्तर पोचला थेट तीन नंबरच्या फॉर्मापाशी, उद्योगपतीच्या शेजारी! (गुऱ्हाळाचा हिशोब आणखी निराळा, तो इथे नको.)

हे सारे रकाने मराठीत असते तर चार इयत्ता शिकलेल्यालाही उमगले असते. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान विलीन झाले आणि त्याच वर्षी विलीन संस्थानांना केंद्राचे करकायदे लागू करणारा कायदा झाला. कर आला, करदात्याची भाषा आली नाही! २०२५ साली नवा प्राप्तिकर कायदा केला, १ एप्रिल २०२६ पासून त्याचा अंमल. कायद्याचे पाच लाख शब्द अडीच लाखांवर आणले म्हणून केवढा गाजावाजा! मराठी रकाना आला का? १९७६ च्या राजभाषा नियमांनी हिंदी पत्राला हिंदीतच उत्तर द्या असे बजावले. मराठी पत्राला? नियम गप्प!

साखर कारखान्यांचे उसाच्या जादा दरावरच्या कराचे दुखणे २०२३ च्या अर्थसंकल्पाने हलके केले, जवळपास दहा हजार कोटींचा दिलासा. कारखान्यांना वकील होते, दिल्लीत दाद होती. ठेवीच्या व्याजातून दहा टक्के कापले गेलेल्या पेन्शनरला कोण आहे? त्याचा कर शून्य निघाला तरी विवरणपत्र भरल्याशिवाय तो पैसा परत येत नाही.

तेव्हा यंदा घरातल्या शिकल्या पोराला शेजारी बसवा. सरकारी संकेतस्थळावर विवरणपत्र फुकट भरता येते. ईमेल आणि मोबाईल तुमचाच घाला. वार्षिक माहिती विवरण उघडा, व्याज आणि कपात पासबुकाशी ताडून पाहा, ऊसबिल काढा आणि मगच आकडे घाला. पगारदार-पेन्शनरांना मुदत ३१ जुलै. भरल्यावर ३० दिवसांत पडताळणी केली नाही तर भरलेले बाद. तो ओटीपी मात्र स्वतःच्या हाताने घाला!

रकाना अडला तर गाऱ्हाणे लिहा, मराठीत लिहा. घटनेच्या ३५० व्या कलमाने राज्यात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत केंद्राच्या अधिकाऱ्यापुढे गाऱ्हाणे मांडायचा हक्क दिला आहे. उत्तर मराठीत मिळेलच असे ते कलम म्हणत नाही. म्हणून एक अर्ज नको. गावागावातून, शाळाशाळांतून, दूध संस्थांतून अर्ज जाऊ द्या, आणि प्रत्येकात एकच मागणी घाला : विवरणपत्र मराठीत द्या!