फ्रायडेचं खरं नाव काय?



एम.ए.ला इंग्रजी घेतलं तेव्हा एका प्राध्यापकानं विचारलं, ‘‘झेपेल का रे तुला?’’ त्या सवालातली जात मला बरोबर ऐकू आली. मी काही बोललो नाही. लायब्ररीतनं ‘रॉबिन्सन क्रूसो’ काढलं नि रात्रभर वाचलं.

डॅनियल डीफोची ही कादंबरी १७१९ची. शिकवतात काय? क्रूसो म्हणजे हिंमत, कष्ट, पराक्रम! पण त्याचं जहाज फुटलं ते आफ्रिकेतून गुलाम आणायला निघालेला असताना, हे गाईडात नसतं. आधी तो स्वतःच गुलाम होता. ज्या झुरी नावाच्या पोरासंगं तो निसटला, त्यालाच त्यानं साठ नाण्यांना विकलं. बेटावर माणूस भेटला, तर त्याचं नाव विचारलं नाही. शुक्रवारी वाचवला, म्हणून ‘फ्रायडे’. आणि आपल्याला काय म्हणायचं ते शिकवलं : ‘मास्टर’. मालक!

मला माझा आजा आठवला. कागदावर तुकाराम. सत्तरी उलटली तरी गावाच्या तोंडी ‘तुक्या’च.

नावाची किंमत या शहराला ठाऊक आहे. २७ जुलै १९७८ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, तर मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटवल्या, माणसं मारली. विद्यापीठावर ते नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं.

मग ही पुस्तकं फेकून द्यायची? बिलकूल नाही. चार्ल्स डिकन्स बघा. बाप कर्जापायी तुरुंगात, आणि बारा वर्षांचं पोर बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवतंय. पुढं एवढा मोठा लेखक झाला, पण हे त्यानं जन्मभर जगापासून लपवलं. ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’मध्ये पॉलिशच्या जागी दारूच्या बाटल्या आल्या. लाज त्यालाही सुटली नव्हती. आपल्या दया पवारांनी ‘बलुतं’त १९७८ साली दगडू मारुती पवार हे नाव उघड मांडलं. डिकन्सला समजून घ्यायला आपल्याइतका लायक वाचक दुसरा कोण?

बाबासाहेबांनी १९५०मध्ये या शहरात कॉलेज काढलं, ते साहेबाची पोपटपंची करायला नव्हे. तेव्हा वाचा. मूळ पुस्तक वाचा, गाईड नको. पेपरात ‘क्रूसोचे व्यक्तिचित्र रेखाटा’ आलं, तर झुरीची किंमतही लिहा. मार्क कापले तर कापू देत. आणि वर्गात उभं राहून विचारा, सर, फ्रायडेचं खरं नाव काय?