शिक्षणाचा हक्क आणि गावची शाळा

प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करावे, असे विधेयक नामदार गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. पुढील वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. स्वतंत्र भारताच्या घटनाकारांनी ४५ व्या कलमात यासाठी दहा वर्षांची मुदत घातली. ती १९६० साली टळून गेली. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने या मार्गदर्शक तत्त्वाचा मूलभूत हक्क झाला आणि १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदा अमलात आला. इतक्या विलंबाने पदरी पडलेल्या हक्काची आपण कशी बूज राखतो, हे आता पाहिले पाहिजे.

सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत शिकण्याचा हक्क हा कायदा देतो. प्राथमिक शाळेत साठपर्यंत मुले असली तरी दोन शिक्षक हवेत, असे त्याचे परिशिष्ट सांगते. गोव्यात मात्र एकशिक्षकी सरकारी शाळा अजून आहेत. निवडणूक व जनगणना यांसाठी शिक्षकास जुंपण्याची मुभा हाच कायदा देतो. एकटा शिक्षक तिकडे गेला की वर्ग कोणी घ्यायचा?

मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या राजवटीत खेडोपाडी मराठी शाळा निघाल्या आणि बहुजन समाजाच्या घरांत प्रथमच पाटी आली. त्यांपैकी अनेक शाळा पटसंख्येअभावी बंद झाल्या. इंग्रजीचा ओढा हे त्याचे कारण खरे. पण ते अर्धेच. एका शिक्षकावर सगळ्या इयत्ता सोपवायच्या, कंटाळून पालकांनी मुले काढली की पट घटला म्हणून शाळेस टाळे ठोकायचे, हा न्याय आम्हांस मान्य नाही. ऐपतदार पालक मुलाला शहरातील शाळेत धाडतो. सत्तरी, सांगे, काणकोणच्या वाड्यांवरील कष्टकऱ्याने काय करावे?

आमची मागणी साधी आहे. कोणतीही शाळा बंद करण्यापूर्वी कायद्याने सांगितलेले दोन शिक्षक तिला पूर्ण दोन वर्षे द्यावेत आणि मगच पट मोजावा. तरीही विलीनीकरण अटळ ठरले, तर मुलांना नेण्याआणण्याचा भार सरकारने उचलावा. गोखल्यांचे विधेयक परक्यांच्या राजवटीत पडले. आपल्या राज्यघटनेने दिलेला हक्क आपल्याच अनास्थेने मातीस मिळाला, तर दोष कोणाच्या माथी मारणार?