काळ्या पाण्यावरचे वतन

जानेवारी महिना लागला की युरोपातील फुटबॉलचा बाजार उघडतो आणि पुढले चार आठवडे वृत्तपत्रांची क्रीडापाने मोंढ्यातल्या लिलावाच्या याद्यांसारखी दिसू लागतात. कोण कोणाकडे किती रकमेला गेला, कोणाच्या कराराची मुदत भरत आली, कोणाचा दलाल कोणत्या शहरी मुक्काम ठोकून आहे, याखेरीज दुसरा मजकूर नाही. २०२४ सालच्या जानेवारीत, २२ तारखेच्या रात्री, या बाजाराचा एक अस्सल नमुना सौदी अरेबियातील रियाध येथे पाहावयास मिळाला. इटलीच्या सुपर कपचा अंतिम सामना, इंटर विरुद्ध नापोली, इटलीपासून हजारो किलोमीटर दूर खेळवला जात होता, कारण त्याचे दाम तिथे मिळत होते. त्याच सुमारास कालियारीहून जीजी रीवा निवर्तल्याची वार्ता आली, दोन्ही संघ माना खाली घालून उभे राहिले, आणि प्रेक्षागारातून शिट्ट्या वाजल्या. शिट्ट्या वाजवणाऱ्यांचा मला राग आला नाही, त्यांच्या कानी ते नाव कधी पडलेही नसेल. ज्यांनी सामना तिथे नेऊन विकला त्यांना मात्र ते नाव पुरते ठाऊक होते.

रीवा कोण हे आकड्यांत सांगायचे तर काम सोपे आहे. राष्ट्रीय संघाकडून ४२ सामने आणि ३५ गोल. त्या गोष्टीला अर्धशतक लोटले, मधल्या काळात इटलीने दोनदा विश्वचषक जिंकला, रोस्सी, बाज्जो, व्हिएरी, तोत्ती असे एकाहून एक सरस खेळाडू होऊन गेले, तरी त्या ३५ ला कोणाचा हात लागलेला नाही. इटलीच्या अव्वल श्रेणीत तीन हंगाम सर्वाधिक गोलांचा मान, १९६८ चे युरोपीय अजिंक्यपद, १९७० च्या विश्वचषकाचे उपविजेतेपद, हेही त्याच्या नावावर जमा आहे. परंतु आकड्यांच्या या दप्तरातून जे निसटते त्याविषयी मला लिहावयाचे आहे. हा मनुष्य १९६३ साली ज्या क्लबात रुजू झाला त्याच क्लबाकडून १९७६ साली अखेरचा सामना खेळला, आणि तो क्लब मिलानचा नव्हता, तुरीनचा नव्हता, की रोमचाही नव्हता.

लोम्बार्डीत माज्जोरे सरोवराच्या काठी लेज्जूनो नावाचे गाव आहे. तिथे ७ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याचा जन्म झाला. वडील ओतकामाच्या कारखान्यात मजूर होते. जीजी नवव्या वर्षी असताना ते कामावरच अपघातात गेले. मुलाला पाद्र्यांच्या वसतिगृहात ठेवण्यात आले, जिथे अन्नवस्त्राची परतफेड अहोरात्र कृतज्ञता दाखवून करावी लागे, आणि तिथून तो पळून जाई. पुढे काही वर्षांत आईही गेली. बहीण फाउस्ता हेच काय ते घर उरले. असा हा अठरा वर्षांचा अबोल मुलगा तिसऱ्या श्रेणीतील लेन्यानोकडून एक हंगाम खेळला, तोच कळले की आपली विक्री सार्डिनियाला झाली. सार्डिनिया म्हणजे उत्तरेतल्या इटालियनांच्या लेखी काळे पाणी. डोळ्यांवर आलेल्या शिपायाची आणि कारकुनाची शिक्षेची बदली त्या बेटावर होई. तिथे मेंढपाळ आणि दरोडेखोर यांच्यावाचून तिसरे कोणी राहत नाही, असा मुख्य भूमीवरचा समज होता. एक हंगाम कसाबसा काढून परत यायचे, असा बेत मनाशी करूनच रीवा तिकडे गेला.

कालियारीचा संघ तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता. १९६४ साली तो प्रथमच अव्वल श्रेणीत चढला आणि सहा वर्षांनी, १२ एप्रिल १९७० रोजी, बारीला दोन गोलांनी हरवून इटलीचा विजेता ठरला. बेटावरच्या संघाला हा मान तत्पूर्वी कधी मिळाला नव्हता, नंतरही मिळालेला नाही. अल्बेर्तोसी गोलरक्षक असलेल्या त्या संघाने ३० सामन्यांत अवघे ११ गोल होऊ दिले. मानलिओ स्कोपिन्यो हे प्रशिक्षक. त्यांना लोक ‘तत्त्वज्ञ’ म्हणत, आणि ते थट्टेने म्हणत की आदराने, हे मला आजवर नीटसे उमगलेले नाही. एका मध्यरात्री खेळाडू खोलीत पत्ते कुटत आणि धूर काढत बसले असता हे अकस्मात दारात उभे राहिले. पोरांचे धाबे दणाणले. स्कोपिन्योंनी खुर्ची ओढली, खिशातून सिगारेट काढली आणि मी ओढली तर कोणाला त्रास होणार नाही ना, अशी पृच्छा केली. दुसऱ्या दिवशी संघ जिंकला, असे ही गोष्ट सांगणारे सांगतात. तो हरला असता तर ही गोष्ट मागे उरली असती की काय, याची शंकाच आहे.

रीवाचा डावा पाय हा त्या काळचा एक स्वतंत्र विषय होता. उजवा केवळ उभे राहण्यापुरता. सरावाच्या वेळी गोलच्या पाठीमागे उभ्या असलेल्या एका मुलाचा हात त्याच्या फटक्याने मोडला, ही दंतकथा नव्हे. पण नुसत्या ताकदीने ३५ गोल होत नाहीत. १७ जून १९७० रोजी मेक्सिको सिटीत, सव्वादोन हजार मीटर उंचीवरच्या विरळ हवेत, विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध जादा वेळात दोन-दोन अशी बरोबरी असताना त्याने केलेला गोल पाहावा. दोमेंगिनीने डावीकडून दिलेला चेंडू त्याने पायाशी घेतला, अंगावर आलेल्या श्नेलिंगरला एकाच स्पर्शात बाजूला सारले, आणि घाईचा लवलेशही न दाखवता दूरच्या कोपऱ्यात चेंडू असा सरकवला की माइयरसारखा गोलरक्षक झेपावूनही पोचला नाही. सारे अवघ्या दोन-तीन क्षणांत उरकले. तो सामना इटलीने चार-तीन असा जिंकला. अंतिम सामन्यात ब्राझीलने त्यांची गत काय केली ते सर्वश्रुत आहे.

त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला कालियारीने इंटरला मिलानमध्ये त्यांच्याच मैदानावर तीन-एक असे लोळवले, आणि जान्नी ब्रेरा या थोर क्रीडालेखकाने रीवाचे ‘मेघगर्जना’ असे बारसे केले. मुळातले इटालियन शब्द ‘रोंबो दी तुओनो’ मोठ्याने उच्चारले की मेघ खरोखरच गडगडतो. सहा दिवसांनी व्हिएन्नात, ऑस्ट्रियाविरुद्ध राष्ट्रीय संघाकडून खेळताना, मागून आलेल्या धडकेने त्याचा उजवा पाय मोडला. डावा तीन वर्षांपूर्वी रोममध्ये पोर्तुगालविरुद्ध मोडलाच होता, तोही राष्ट्रीय संघाच्याच पोशाखात. युरोपीय चषकात आतलेतिको माद्रिदला पहिल्या सामन्यात हरवणारा कालियारी त्याच्यावाचून दुसरा सामना तीन गोलांनी हरला आणि बेटाचे ते स्वप्न तेवढ्यावरच आटोपले. देशाला मी दोन पाय दिले, असे म्हणण्याचा अधिकार ज्याला होता तो याविषयी फारसा बोलत नसे.

आता मुद्द्याची गोष्ट. युव्हेंटसने त्याला मागणी घातली, एकदा नव्हे, अनेकदा. १९७३ साली तर पैसा आणि वर खेळाडू असा नजराणा देऊ केला. तो गेला नाही, आणि तेव्हापासून मृत्युलेखांपर्यंत जो तो त्याच्या ‘निष्ठे’चे पोवाडे गात आला आहे. मला हा शब्द खटकतो. त्या काळी इटलीत खेळाडू ही क्लबाची मिळकत होती. तिची खरेदी-विक्री मालक करीत आणि मालाला विचारण्याचा रिवाज नव्हता. १९८१ चा ९१ क्रमांकाचा कायदा येईतो ही व्यवस्था मोडीत निघाली नाही. सोबतचा बोनिन्सेन्या १९६९ साली असाच इंटरला देण्यात आला, आणि मोबदल्यात दोमेंगिनी, गोरी व पोली हे तिघे आले. ज्याला जाण्याचाच हक्क नाही त्याच्या राहण्याला निष्ठा म्हणणे म्हणजे वेठबिगाराच्या हजेरीला सेवाभाव म्हणण्यासारखे आहे. रीवाचे वेगळेपण असे की हुकूम सुटण्याच्या बेतात असताना त्याने साफ नकार कळवला, आणि त्या नकारामागे त्यागाची भावना तिळभरही नव्हती. रविवारी दोनशे किलोमीटरांवरच्या सास्सारीहून पहाटेच शिदोरी बांधून निघालेली माणसे त्याला मैदानाच्या दाराशी दिसत. उत्तरेकडच्या मैदानांवर ज्यांना मेंढपाळ आणि दरोडेखोर म्हणून हिणवले जाई, ती हीच माणसे. ज्या मुलाला घासाघासागणिक उपकार मानावे लागले होते, त्याला त्यांनी कृतज्ञतेची अपेक्षा न ठेवता जेवू घातले. याला निष्ठा कशाला म्हणावयाचे? जुन्या भाषेत याला वतन म्हणत. फरक एवढाच की वतनाची सनद वरून येते, आणि याला ती मैदानाच्या दाराशी मिळाली.

१ फेब्रुवारी १९७६ रोजी मिलानविरुद्धच्या सामन्यात मांडीचा स्नायुबंध तुटला आणि खेळ संपला. त्याच हंगामाअखेर संघ दुसऱ्या श्रेणीत उतरला. पुढे राष्ट्रीय संघाच्या व्यवस्थापनात त्याने दोन दशकांहून अधिक काळ काढला, पण बिऱ्हाड कालियारीतच राहिले. २००५ साली क्लबाने ११ क्रमांकाचा पोशाख कायमचा बाजूला ठेवला.

अंत्यविधीच्या दिवशी कालियारीतील बोनारियाच्या बॅसिलिकेबाहेर हजारो लोक उभे होते. बोनारियाची माता ही नाविकांची रक्षणकर्ती. समुद्रावर गेलेले माणूस सुखरूप आपल्या घरी परत यावे म्हणून तिला नवस बोलतात. रीवालाही समुद्र ओलांडून घरी परत जावयाचे होते, पण ते १९६३ साली.

— सीमास्थ