दौड जरूर घ्या, पण लेकरांना थंडीत उभं ठेवू नका!



जरा मोठी पोस्ट आहे. चहा घेत वाचा, पण पूर्ण वाचा. विषय आपल्या पोराबाळांचा आहे.

जानेवारी म्हणजे आपल्याकडे दौडीचा महिना. १२ तारखेला जिजाऊ जयंती आणि स्वामी विवेकानंद जयंती, म्हणजेच राष्ट्रीय युवा दिन. रस्ता सुरक्षेचं अभियान याच महिन्यात. २५ तारखेला राष्ट्रीय मतदार दिवस, दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन. प्रत्येकाला एक दौड ठरलेली. कुठे मतदार जागृती दौड, कुठे व्यसनमुक्ती दौड, कुठे स्वच्छता दौड, कुठे "बेटी बचाओ". ३१ ऑक्टोबरची एकता दौड २०१४ पासून सुरू झाली आणि त्यानंतर तर संदेश द्यायचा म्हणजे दौड काढायची, असा रिवाजच पडला. चांगलं आहे. पोरं मोबाईल सोडून रस्त्यावर पळतात, याला कोण वाईट म्हणेल? माझा दौडीला विरोध नाही, हे आधीच सांगतो. नाहीतर कमेंटमध्ये सुरू व्हाल, "तुम्हाला चांगल्या कामात खोड काढायची सवय आहे."

माझं म्हणणं वेगळं आहे. हाच महिना वऱ्हाडात कडाक्याच्या थंडीचाही असतो. आपली ओळख मे महिन्यातल्या उन्हाची, त्यामुळे थंडी आपण मनावर घेत नाही. पण विदर्भाची थंडी साधी नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर गेला होता. तोपर्यंतचा तिथला सगळ्यात नीचांकी आकडा! हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली गेलं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी कमी असलं की थंडीची लाट. ४ अंशांवर आलं तर नेहमीचं किती ते बघायचीही गरज नाही, लाटच. उत्तरेकडून कोरडं गार वारं सुटलं की आपल्याकडे असे दिवस येतात आणि नेमक्या त्याच दिवसांत सकाळी सहाला मैदानावर हजर राहण्याचा निरोप शाळेच्या ग्रुपवर पडतो.

आता खरं काय घडतं ते सांगतो. हे कोण्या एका शाळेचं किंवा मंडळाचं नाही, थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच आहे.

वेळ सहाची. लेकरं साडेपाचला घरून निघतात, खेड्यावरची त्याच्याही आधी. मैदानावर रांगा लागतात. मग टी-शर्ट वाटप. टी-शर्टवर संदेश छापलेला असतो, तो फोटोत दिसला पाहिजे, म्हणून सूचना येते, "स्वेटर काढून ठेवा रे पोट्टेहो!" मग पाहुण्यांची वाट. "साहेब निघाले आहेत." साहेब सात वाजता येतात. मग दीपप्रज्वलन, स्वागत, शाल-श्रीफळ, दोन भाषणं, एक शपथ. हिरवी झेंडी पडेपर्यंत साडेसात. दौड असते तीन किलोमीटरची, पोरं ती वीस-पंचवीस मिनिटांत पुरी करतात. म्हणजे पळणं अर्धा तासही नाही, आणि पातळ टी-शर्टवर गारठ्यात उभं राहणं दीड तास.

बाप्पा, पळणाऱ्याला थंडी मारत नाही, उभं राहणाऱ्याला मारते! पळताना शरीर स्वतःच उष्णता तयार करतं. म्हणून तर लांब पल्ल्याच्या धावपटूंना गार हवाच आवडते. एलिउड किपचोगेने १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात मॅरेथॉनचं अंतर दोन तासांच्या आत कापलं, तेही सकाळच्या गार हवेत, मुद्दाम तसा दिवस आणि तशी वेळ निवडून. पण तो माणूस अंग तापवून लगेच पळायला लागला. आपली लेकरं आधी गारठतात, आखडलेल्या अंगाने एकदम पळत सुटतात, घामाने भिजतात आणि मग बक्षीस वितरणासाठी ओल्या कपड्यात पुन्हा अर्धा तास उभी राहतात. कापूस आपलाच आहे, त्याचा अभिमान आहे, पण सुती टी-शर्ट घाम धरून ठेवतो आणि ओला कपडा अंगातली ऊब खेचून घेतो. लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतं.

बरं, सगळी लेकरं सारखी नसतात. कोणाला दमा असतो. थंड कोरडी हवा जोरात ओढली की श्वासनळ्या आवळतात आणि छातीत सूं-सूं सुरू होतं. मोठ्या माणसांच्या रक्तवाहिन्या थंडीने आकुंचन पावतात, बीपी वाढतं. म्हणून पन्नाशीच्या वर असणाऱ्यांनी उत्साहात एकदम धाव घेऊ नये.

आणि आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सिकलसेल. विदर्भात हा आजार किती घरांत आहे हे वेगळं सांगायला नको. १ जुलै २०२३ ला देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी आणि कार्ड वाटप सुरू झालं, ते आपल्यासारख्या भागांसाठीच. सिकलसेलच्या रुग्णाला थंडी, पाण्याची कमतरता आणि अतिश्रम या तीन गोष्टींनी असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. थंडीतल्या दौडीत या तिन्ही एकाच वेळी हजर असतात! थंडीत तहान लागत नाही म्हणून पोरं पाणी पीत नाहीत, वरून गारठा आणि वरून धाव. अशा लेकराला "चाल रे, काही होत नाही" म्हणत रांगेत उभं करणारा वाईट माणूस नसतो, त्याला फक्त माहिती नसते. पण ती माहिती असणं हे आयोजकाचं काम आहे.

आता एक सरकारी गोष्ट. ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत असं सांगितलं. कारण काय, तर सकाळच्या शाळेमुळे लेकरांची झोप होत नाही, हिवाळ्या-पावसाळ्यात त्रास होतो. म्हणजे शिकायला नऊच्या आत बोलावू नका म्हणतात, आणि दौडीला मात्र सहा वाजता? चौथीच्या वरची लेकरं काय लोखंडाची असतात का?

दुसरी गोष्ट आपल्याच जिल्ह्याची. मे २०२४ मध्ये उष्णतेची लाट आली तेव्हा अकोला जिल्ह्यात कलम १४४ लागू झालं होतं. खासगी क्लासेसच्या वेळा बदलायला लावल्या, कामगारांना पाणी-सावली द्यायला सांगितलं. पूर्ण देशात त्याची बातमी झाली. उन्हासाठी वेळ बदलते, तर थंडीसाठी काऊन नाही बदलत? त्याच्या आदल्या वर्षी, १६ एप्रिल २०२३ ला खारघरमध्ये भर उन्हातल्या कार्यक्रमात १४ माणसं उष्माघाताने गेली. ती माणसं काही पळत नव्हती, बसली होती. तिथेही कार्यक्रमाचा हेतू चांगलाच होता.

थंडीत काय होऊ शकतं याचं टोकाचं उदाहरण चीनमधलं आहे. २२ मे २०२१ ला गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरातली शर्यत होती, १७२ स्पर्धक. मधेच गारपीट, पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला. अंगावर हाफ पँट आणि टी-शर्ट, उबदार जॅकेट सोबत ठेवायची सक्ती नव्हती. २१ जण गेले, त्यात देशातले नावाजलेले धावपटू होते. सहा जणांना एका मेंढपाळाने आपल्या गुहेत नेऊन, शेकोटी पेटवून वाचवलं. आपली तीन किलोमीटरची दौड आणि ती शर्यत यांची बरोबरी नाही, मला माहीत आहे. पण चूक एकाच जातीची आहे. हवा बदलली तरी ठरलेला कार्यक्रम बदलायचा नाही!

याच्या उलट आपल्याच देशातलं उदाहरण घ्या. २० फेब्रुवारी २०२३ ला लडाखमध्ये गोठलेल्या पँगाँग तलावावर २१ किलोमीटरची दौड झाली. तीही संदेशाचीच, हवामान बदलाबद्दल. बर्फावर, शून्याच्या खाली. ७५ जण पळाले. वाटेत ठिकठिकाणी खाण्यापिण्याची आणि वैद्यकीय मदतीची सोय होती, आणि सगळे सुखरूप परत आले. म्हणजे तयारी केली तर बर्फावरही पळता येतं. आपल्याला तर फक्त बार्शीटाकळीच्या रस्त्यावर पळायचं आहे.

आता काही जण म्हणतील, "आमच्या वेळी आम्ही अनवाणी पायाने पहाटे वावरात जात होतो, आताची पोरं नाजूक झाली." काका, तुमचा मान ठेवून सांगतो. तुम्ही जात होतात, पण अंगावर घोंगडी होती, धुऱ्यावर शेकोटी होती, आणि तुम्ही चालत होतात. स्वेटर काढून तासभर रांगेत उभे नव्हतात. रात्रीच्या लाईनीवर हरभऱ्याला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, थंडी कधी झोंबते. पाय ओले झाले आणि उभं राहावं लागलं की!

दुसरा मुद्दा रहदारीचा. उशिरा दौड ठेवली तर गाड्या वाढतात, हे खरं. पण जानेवारीत आपल्याकडे सूर्यच सातच्या आसपास निघतो. सहाला अंधार, वरून धुई. अकोला रोड असो की मंगरूळपीर रोड, कापसाच्या गाड्या, ट्रक चालू असतात. अंधारात, धुईत, चमकणारी पट्टी नसलेल्या लेकरांना हमरस्त्यावर आणून आपण "रस्ता सुरक्षेचा" संदेश देतो. हसावं की रडावं? आणि थंडी सगळ्यात कडक असते ती सूर्य निघायच्या वेळेलाच. आपली हवा कोरडी, त्यामुळे ऊन पडलं की पारा भरभर चढतो. नुसते दोन तास थांबलं तरी फरक पडतो.

म्हणून तालुका प्रशासन, नगरपंचायत, शाळा आणि मंडळं, सगळ्यांना हात जोडून विनंती:

१) डिसेंबर-जानेवारीत शाळकरी मुलांची दौड सकाळी ८ च्या आधी नको. २६ जानेवारीची दौड ध्वजवंदनानंतर ठेवा.

२) भाषणं, सत्कार, शपथ सगळं दौड झाल्यावर. वेळेवर झेंडी दाखवायला पाहुणे नसले तर शाळेतली सगळ्यात लहान धावपटू मुलगी झेंडी दाखवेल. फोटोही चांगला येईल.

३) टी-शर्ट स्वेटरच्या वरून घाला. म्हणून एक साईज मोठे छापा.

४) आधी दहा मिनिटं अंग तापवणं. हे काम क्रीडा शिक्षकांचं, माईक त्यांच्याच हाती द्या. आपल्या भागातले कित्येक पीटीचे सर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आले आहेत, त्यांना हे सांगावं लागत नाही.

५) दमा, सिकलसेल, हृदयाचा त्रास असणाऱ्यांची नावं आधीच पालकांकडून घ्या. त्यांना पळायला लावू नका, आणि हिणवूही नका. त्यांना पाणी वाटपाचं, नोंदीचं काम द्या.

६) संपल्यावर कोरडं कापड, कोमट पाणी, गूळ-शेंगदाणे. संक्रांतीच्या आसपास असेल तर तिळगूळ. खर्च किती येतो? एका शालीपेक्षा कमी.

७) ग्रामीण रुग्णालयाला आधी कळवा, रुग्णवाहिका जागेवर ठेवा. कोणी खूप कुडकुडत असेल, बोलताना अडखळत असेल, झोकांड्या देत असेल तर त्याला लगेच उबेत न्या, ओले कपडे बदला आणि डॉक्टरला दाखवा.

८) हवामान खात्याने थंडीच्या लाटेचा इशारा दिला असेल तर दौड पुढे ढकला. हा निर्णय घेणारा एकच माणूस आधी ठरवा. नाहीतर सगळे एकमेकांकडे बघत राहतात आणि कार्यक्रम होऊन जातो.

जाता जाता एक गोष्ट. आपल्या गावात खरी दौड रोजच चालू आहे. पोलीस भरतीची पोरं-पोरी पहाटे पाचला रस्त्यावर असतात. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, एकेका सेकंदासाठी जीव काढतात. २०२३ मध्ये राज्यात भरतीची मैदानी चाचणी २ जानेवारीला सुरू झाली होती, म्हणजे ऐन थंडीत. त्यांना ना टी-शर्ट, ना बॅनर, ना ॲम्ब्युलन्स. अंधारात, गाड्यांच्या उजेडात पळतात. एखाद्या वर्षी दौडीच्या बॅनर-मंडपाचे पैसे वाचवून त्यांना चमकणारी जॅकेटं वाटली, आणि एक मैदान पहाटे दिवे लावून मोकळं करून दिलं, तर रस्ता सुरक्षेचा यापेक्षा मोठा संदेश कोणता असेल?

माझी ही पोस्ट कोणाच्या विरोधात नाही. ज्या आयोजकांना बदल करायचा आहे त्यांच्यासोबत सकाळी मैदानावर उभा राहून पाणी वाटायला मी तयार आहे. आणि पालकांनो, निरोपात सहाची वेळ दिसली तर गप्प बसू नका. ग्रुपवर विचारा, "सर, वेळ आठची करता येईल का?" दहा जणांनी विचारलं तर वेळ बदलते.

तुमच्या गावात, तुमच्या शाळेत काय होतं ते कमेंटमध्ये लिहा. पिंजर, महान, धाबा, कान्हेरी सरप, सगळीकडच्यांनी लिहा. आणि पटलं असेल तर मुख्याध्यापकांना पाठवा, नुसतं लाईक करून सोडू नका.

जय जिजाऊ! जय हिंद!